नेवासे : एका क्षेत्राची पुनर्प्रतिष्ठा

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी वसलेल्या नेवाशाच्या ज्ञानेश्वर मंदिरात मुख्य मान एका दगडी खांबाला आहे. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. भाविक त्याला पैसाचा खांब म्हणतात. याच खांबावर एक जुना संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात ज्ञानेश्वर नाहीत, गीता नाही आणि विठ्ठलही नाही. करवीरेश्वर नावाच्या शिवाच्या देवळातला अखंड दिवा तेवत राहावा म्हणून तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. असा लेख दगडात खोदून घेणाऱ्याची अपेक्षा काय असते ते उघड आहे. चंद्रसूर्य आहेत तोवर दिवा चालावा, देऊळ चालावे, आपले दान चालावे. प्रत्यक्षात करवीरेश्वराचे देऊळ राहिले नाही आणि त्याचा दिवाही विझला. ज्या खांबावर दानाचा लेख होता तो खांब मात्र उघड्या माळावर उभा राहिला, लोक त्याला हात जोडत राहिले, आणि विसाव्या शतकात त्याच्याभोवती नवे मंदिर उभे राहिले. आज तिथे माथा टेकणाऱ्या हजारोंपैकी कुणाच्याही मनात करवीरेश्वर नसतो. नेवाशाचा विचार मला याच खांबापासून सुरू करावासा वाटतो. तीर्थक्षेत्राचे पावित्र्य अनादी काळापासून अखंड वाहत आले आहे, असे आपण सहज बोलून जातो. नेवाशाचा पुरावा वेगळे सांगतो. पावित्र्य तुटते, विसरले जाते, आणि मग कुणीतरी त्याच जागी, पुष्कळदा त्याच दगडावर, त्याची नव्याने प्रतिष्ठा करते. क्षेत्राचा इतिहास हा या पुनर्प्रतिष्ठांचा इतिहास आहे, आणि ज्या क्षेत्राला अशी पुनर्प्रतिष्ठा करणारी माणसे मिळत गेली तेच टिकले.

पुराव्याची सुरुवात देवळांच्या कितीतरी आधी होते. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाचे टेकाड खणले. प्रवरेच्या वाळू-गोट्यांच्या थरांत त्यांना अश्मयुगीन हत्यारे सापडली. त्यांतल्या मध्याश्मयुगाच्या आधीच्या, छिलक्यांपासून केलेल्या एका प्रकाराला सांकलियांनी या गावावरूनच नेवासियन हे नाव दिले. टेकाडाच्या खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती. ही जोर्वे संस्कृतीची माणसे. जोर्वे हे गावही याच जिल्ह्यातले, संगमनेर तालुक्यातले. आपली दगावलेली लेकरे ही माणसे गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांत मुलाला निजवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे, अशी त्यांची रीत. अशा एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तिच्या दोऱ्यात कापूस व रेशीम दोन्ही ओळखता आले. काळाची सांगड घालायची तर इजिप्तमध्ये राजा पहिला सेती अबिदोस या शहरी आपले भव्य देऊळ कोरून घेत होता त्याच शतकांच्या आसपास प्रवराकाठी कुणी आई आपल्या मुलाच्या गळ्यात ही माळ घालत होती. मृत्यूपाशी माणसाची जी ओढ असते ती राजवाड्यात आणि कुडाच्या घरात सारखीच असते, हे मानायला याहून मोठा पुरावा नको.

पण इथेच एक मोह आवरायला हवा. तीन हजार वर्षांपूर्वीही या भूमीत विधी होते, म्हणून हे क्षेत्र तेव्हापासून पवित्र, असे म्हणण्याचा तो मोह. उत्खननाचे थर त्याला साथ देत नाहीत. जोर्वे लोकांची वस्ती उठली आणि टेकाड कित्येक शतके ओस पडले. पुढे सातवाहनांच्या काळात तिथे पुन्हा गाव भरले. त्या थरांत रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आहेत. रोमन जगाशी होणारा हा व्यापार इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून चाले आणि इकडे जवळचे पैठण ही त्या काळची नामांकित पेठ होती, तेव्हा नाईलचा काठ आणि प्रवरेचा काठ यांचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. त्यानंतर खणलेल्या भागात पुन्हा मोठा खंड दिसतो आणि वस्तीच्या खुणा एकदम उत्तर मध्ययुगातल्या भेटतात. ज्ञानेश्वरांच्या काळचे गाव टेकाडाच्या शेजारी कुठेतरी नांदत असणारच, कारण त्यांच्या ग्रंथानेच तशी साक्ष दिली आहे. तरीही घराखाली मुले पुरणाऱ्या त्या माणसांचा कुठलाही आचार सातवाहनांच्या नेवाशापर्यंत पोचल्याचे दाखवता येत नाही. सलगतेचा दावा जमिनीनेच नाकारला आहे. यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. टेकाड ओस पडले म्हणजे जागेची स्मृतीही पुसली गेली असे कसे धरायचे? नदी तीच होती, आसपासच्या वाड्यावस्त्यांतली माणसे होती, आणि लोकस्मृती मातीच्या थरांत सापडत नाही. हे मला मान्य आहे. परंतु जी स्मृती कुठल्याच खुणेत सापडत नाही तिच्यावर क्षेत्राच्या महतीचा डोलारा उभारण्यापेक्षा, जी पुनर्प्रतिष्ठा डोळ्यांना दिसते तिचा माग काढणे अधिक फलदायी आहे.

अशी पुनर्प्रतिष्ठा ही केवळ आपल्याकडची गोष्ट समजू नये म्हणून अबिदोसकडे थोडे सविस्तर पाहू. वरच्या इजिप्तमधले हे शहर मृतांचा देव ओसायरिस याचे मुख्य क्षेत्र. तिथल्या वाळवंटात इजिप्तच्या पहिल्या राजवंशातले राजे पुरलेले होते. त्यांतला जेर हा राजा इसवी सनापूर्वी तीन हजारच्या सुमाराचा. हजार वर्षे उलटली, राजाचे नाव लोकांच्या तोंडून गेले, आणि मध्य राज्याच्या काळात त्याच्या थडग्याला प्रत्यक्ष ओसायरिसचे थडगे मानले जाऊ लागले. राजाच्या कबरीची देवाची समाधी झाली. मग दर वर्षी ओसायरिसच्या देवळातून नौकेच्या आकाराची पालखी निघे आणि वाळवंटातल्या त्या थडग्याकडे जाई. वाटेत देवाच्या शत्रूंशी लुटुपुटीची लढाई होई, आणि देव पुन्हा जिवंत होऊन मंदिरात परते. तिसऱ्या सेनुस्रेतच्या दरबारातल्या इखेरनोफ्रेत या अधिकाऱ्याने या सोहळ्याची व्यवस्था आपण कशी केली हे शिळेवर लिहून ठेवले आहे. ज्यांना ऐपत होती ती माणसे पालखीच्या वाटेवर छोट्या देवळ्या बांधत आणि त्यांत आपल्या नावाची शिळा लावत. मेल्यावरही दर वर्षी देव आपल्या दारावरून जावा, एवढीच त्यांची आस. गरिबांनी वाहिलेल्या मडक्यांचा तर असा खच पडला की आजही अरबी बोलणारे लोक त्या जागेला मडक्यांची आई म्हणतात. जेरचे थडगे आणि करवीरेश्वराचा खांब यांची कथा मुळात एकच आहे. दोन्हीकडे मूळ वस्तू कुणाची होती हे विसरले गेले, आणि त्या विसरण्यातूनच नव्या पावित्र्याला जागा मिळाली.

फरक पडतो तो प्रतिष्ठा कुणी केली आणि कशाच्या बळावर केली यात. नेवाशाची प्रतिष्ठा एका ग्रंथाने केली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानेश्वर आपला ठावठिकाणा सांगतात: गोदावरीच्या दक्षिण अंगाचे पंचक्रोशी क्षेत्र, तिथे असलेली जगाचा आधार अशी महालया, आणि न्यायाने राज्य करणारा यादव राजा रामचंद्र. शक आणि लेखकाचे नावही तिथे नोंदले गेले आहे. प्रवरा थोडी खाली जाऊन टोक्यापाशी गोदावरीला मिळते, त्यामुळे स्वतः प्रवरेकाठी बसून गोदेचा निर्देश करण्यात काही विसंगती नाही. महालया म्हणजे मोहिनीराज, असे परंपरा मानते. समुद्रमंथनानंतर अमृत वाटणाऱ्या विष्णूच्या मोहिनीरूपाचे हे दैवत, स्त्री आणि पुरुष ही दोन्ही अंगे एका मूर्तीत असलेले. आज दिसणारे त्याचे देखणे दगडी मंदिर अठराव्या शतकात होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधविले. याच गावाला खंडोबाचे भक्त म्हाळसेचे माहेर मानतात. तिमशेट वाण्याची ही लेक, आणि कुणी तिला मोहिनीचाच अवतार म्हणते. म्हणजे एकाच पंचक्रोशीवर शैव करवीरेश्वराचा, वैष्णव मोहिनीराजाचा, धनगर-वाण्यांच्या म्हाळसेचा आणि वारकऱ्यांच्या ज्ञानेश्वरांचा असे चार हक्क पडले, आणि एकानेही दुसऱ्याला हुसकावले नाही. ज्ञानेश्वरांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी स्थळाचे नाव घेताना आधीच्या दैवताला बाजूला सारले नाही. महालयेला त्यांनी जगाचा आधार म्हटले आणि तिच्या छायेत आपले काम पूर्ण झाल्याचे सांगितले. पुनर्प्रतिष्ठेची याहून सभ्य रीत मला ठाऊक नाही.

इथे चिकित्सक वाचक विचारील की हाच तो खांब, याला पुरावा काय? सरळ उत्तर असे की ग्रंथात गाव आहे, खांब नाही. खांबाची कथा परंपरेची आहे. ताहाराबादच्या महीपतींसारख्या संतचरित्रकारांनी अठराव्या शतकात ज्ञानेश्वरांच्या नेवाशातल्या वास्तव्याच्या कथा घरोघर पोचवल्या. सच्चिदानंदबाबांना चितेवरून उठवल्याचा प्रसंगही अशाच कथनपरंपरेतला. पण खांबाचा पुरावा मागणारा वाचक एक गोष्ट नजरेआड करतो. ही परंपरा खोटा पुरावा निर्माण करायला धजली नाही. खांबावरचा लेख खरवडून तिथे ज्ञानेश्वरांचे नाव कोरणे अवघड नव्हते. ते कुणी केले नाही. आपल्या श्रद्धेशी संबंध नसलेला, दुसऱ्याच देवाचा लेख लोकांनी तसाच राहू दिला. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून प्रामाणिक साक्षीदार कुठे भेटणार? खांबापाशी निश्चित सांगता येते ते इतकेच की तेराव्या शतकातले एक महत्त्वाचे शिवालय या गावात होते, ग्रंथ या गावात पूर्ण झाला, आणि त्या शिवालयाचा उरलेला एकमेव अवयव लोकांनी त्या ग्रंथाच्या नावे सांभाळला. श्रद्धेला यापुढे जायचे असेल तर तिने खुशाल जावे. अभ्यासाने इथे थांबावे आणि जे हाती आहे त्याचे मोल ओळखावे.

दुसरा आक्षेप कलेच्या अंगाने येतो. क्षेत्र टिकते ते भव्य वास्तूमुळे, असे पुष्कळांना वाटते, आणि इजिप्तची देवळे पाहिल्यावर ते वाटणे स्वाभाविकही आहे. या जिल्ह्यापुरते तरी ते खरे नाही. अकोले तालुक्यातले रतनवाडीचे अमृतेश्वर, टाहाकारीचे देवीमंदिर आणि भीमेकाठच्या पेडगावचे लक्ष्मीनारायण मंदिर यांच्या भिंतींवरचे शिल्पकाम महाराष्ट्रातल्या उत्तम कामांत गणावे असे आहे. पेडगावची सुरसुंदरी पाहायला अभ्यासक जातो, यात्रेची झुंबड तिथे उडत नाही. उलट नेवासे तालुक्यातच शनिशिंगणापूरला देऊळच नाही. उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांच्या आसपासची एक काळी शिळा, तिच्यावर छप्पर नाही, आणि तिला तेल वाहायला देशभरातून माणसे येतात. शिर्डीची गोष्ट आणखी बोलकी आहे. साईबाबा राहिले ते एका पडक्या मशिदीत. तिला त्यांनी द्वारकामाई म्हटले, तिथे धुनी पेटवली, आणि १९१८च्या विजयादशमीला त्यांनी देह ठेवल्यावर जगातल्या मोठ्या तीर्थांपैकी एक तिथे उभे राहिले. टाकून दिलेल्या वास्तूला नवा अर्थ देण्याची रीत या जिल्ह्यात तेराव्या शतकात संपली नाही, असा त्याचा अर्थ. शिर्डीत ती आपल्या आज्या-पणज्यांच्या हयातीत घडली, आणि तिचे साक्षीदार लिहून ठेवणारे होते म्हणून आपल्याला ती टप्प्याटप्प्याने पाहता येते. नेवाशात नेमके काय घडले असेल याचा अंदाज बांधायला शिर्डी उपयोगी पडते.

मग अबिदोस का संपले? परचक्राने, धर्मांतराने, असे उत्तर तोंडावर असते. ते अपुरे आहे, कारण अबिदोसलाही एकदा नव्हे अनेकदा पुनर्प्रतिष्ठा लाभली. ओसायरिसचा सोहळा मागे पडल्यावर सेतीच्या देवळात बेस या देवाचा कौल लावायला माणसे येऊ लागली. दूरचे लोक आपला प्रश्न लिहून पाठवत. इ.स. ३५९ मध्ये त्या चिठ्ठ्या सम्राट कॉन्स्टँशियसच्या हाती पडल्या, राजद्रोहाचा संशय आला, आणि पुष्कळांना छळ सोसावा लागला. पुढे त्याच भिंतींच्या आश्रयाने ख्रिस्ती मठवासी राहिले. म्हणजे जागा बराच काळ पवित्र राहिली. हरवले ते तिचे बोलणे. चित्रलिपीतला आपल्याला ज्ञात असलेला शेवटचा लेख फिले बेटावर इ.स. ३९४ मध्ये कोरला गेला. त्यानंतर शाम्पोल्यनने १८२२ मध्ये लिपी उलगडेपर्यंत, चौदाशे वर्षांहून अधिक काळ, सेतीच्या देवळातली ओळ न् ओळ मुकी होती. आणि ती बोलकी होती तेव्हाही कुणासाठी बोलत होती? देवाला सकाळी उठवणे, स्नान, वस्त्र, गंध, नैवेद्य हे नित्योपचार तिथल्या सात गाभाऱ्यांच्या भिंतींवर क्रमाने कोरले आहेत. आपल्या षोडशोपचारांची आठवण व्हावी इतके ते ओळखीचे आहेत. पण त्या गाभाऱ्यात पुजारी आणि राजा यांखेरीज कुणाला पाऊल ठेवता येत नसे. आपल्यासह ७६ राजांची नावे सेतीने आतल्या भिंतीवर कोरली, नकोशी वाटलेली गाळली, आणि ती यादी सामान्य माणसाच्या डोळ्यांना कधी पडायची नव्हती. लोकांच्या वाट्याला वर्षातून एकदा पालखीचे दर्शन होते, तेही पडद्याआडच्या देवाचे. त्यामुळे पुजाऱ्यांचा पोशिंदा राजा गेला, पुजारी गेले, आणि त्यांच्याबरोबर सगळे गेले. सामान्य भक्ताच्या हाती पुढे चालवण्यासारखे काही दिलेलेच नव्हते.

नेवाशात जे घडले ते नेमके याच्या उलट दिशेने. गीता संस्कृतात होती, ती मराठीत आली. करवीरेश्वराचा लेखही संस्कृतात होता, आणि तो तेलाची व्यवस्था पाहणाऱ्या मोजक्या लोकांसाठी होता. त्याच खांबापाशी सांगितला गेलेला ग्रंथ ऐकणाऱ्या कुणालाही उचलून नेता येत होता. ग्रंथ संपल्यावर काही वर्षांतच अल्लाउद्दीन खिलजीचा हल्ला देवगिरीवर आला आणि पुढे यादवांचे राज्य बुडाले. ज्या राजाचे नाव शेवटच्या ओव्यांत आहे तो राहिला नाही, देवळाला दान देणारे राहिले नाहीत. राजाश्रयावरच भिस्त असती तर नेवाशाचे अबिदोस व्हायला वेळ लागला नसता. पण ग्रंथ तोवर राजाच्या हातात उरलाच नव्हता. प्रती करणाऱ्यांच्या हातून त्यात पाठभेद शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी तो शुद्ध करून घेतला. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी तो छापला. दर पिढीत कुणीतरी हे काम अंगावर घेतले आणि त्यासाठी त्यांना कुणा मंदिराची परवानगी लागली नाही. पारायण गावोगावच्या मंडपात होते, ओसरीवर होते, आणि आता तर देशाबाहेरच्या मराठी घरांतही होते. शेवटच्या दिवशी वाचक अठराव्या अध्यायाच्या अखेरीस येतो, आणि मग त्याने नेवासे पाहिलेले असो वा नसो, त्या पंचक्रोशीचे वर्णन मोठ्याने उच्चारतो. क्षेत्राची प्रतिष्ठा अशी दर वेळी नव्याने होते, क्षेत्रापासून शेकडो कोस दूर.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मला टाळायचा नाही. दारे सगळ्यांना उघडली, हे म्हणणे जितके सोपे आहे तितके खरे आहे का? भाषा खुली झाली म्हणून चौथरा खुला झाला असे नाही. याच तालुक्यातल्या शनीच्या चौथऱ्यावर चढायला स्त्रियांना परवानगी नव्हती. आंदोलन झाले, उच्च न्यायालयात दाद मागावी लागली, आणि २०१६च्या गुढीपाडव्याला तो चौथरा सर्वांसाठी खुला झाला. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या गावापासून काही कोसांवर, सातशे सव्वीस वर्षांनंतर. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे स्वतः संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली, आणि त्यांच्या पावलांच्या मुलखातही पायरीवरचा अधिकार झगडूनच मिळवावा लागतो, याचे मला दुःख आहे. तरी या घटनेने माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट त्याला बळ येते. शिळा तीच राहिली. पायरीवर कोण चढू शकेल हे बदलले आणि त्यामुळे त्या जागेचा अर्थही बदलला. हेही एक पुनर्प्रतिष्ठापनच होते. पूर्वीच्या अनेकांप्रमाणे तेही वादातून, जुन्या रीतीच्या रक्षणकर्त्यांचा विरोध सोसून झाले. क्षेत्राच्या इतिहासातून असे वाद गाळणाऱ्या लेखनाने आपण सेतीसारखी यादी करत आहोत हे लक्षात ठेवावे.

म्हणून नेवाशाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला एका विद्येवर भागवता येणार नाही. थरांचे वाचन पुरातत्त्वज्ञाने करावे, पण त्याने मोहिनीराजाच्या यात्रेत माघाच्या थंडीत रात्रभर उभे राहायलाही हवे. शिलालेखाचा जाणकार खांबावरची अक्षरे वाचील. ती अक्षरे तिथे असताना लोक काय वाचतात, हे त्याला कीर्तनकाराकडून समजून घ्यावे लागेल. कोणत्या घराण्याकडे कोणता मान आहे, यात्रेचा क्रम काय, टोक्याच्या संगमावर कोणत्या पर्वणीला कुठल्या गावचे लोक उतरतात, म्हाळसेचे माहेर म्हणून कोण येते आणि काय वाहते, ही माहिती आज जाणत्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे आणि ती त्यांच्याकडून गावागणिक उतरवून घ्यायला हवी. टेकाड खणले तेव्हा मडक्याच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला गेला. तीच काटेकोर निष्ठा जिवंत विधींच्या वाट्याला यावी, आणि या कामाची सुरुवात करवीरेश्वराच्या लेखाचे अचूक वाचन सुबोध मराठी अर्थासह मंदिरातच, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी लावण्यापासून व्हावी.